तीन पूर्णांक तीन

मोदी नंबर तीनच्या गल्लीत, भर दुपारी,
जेव्हा बर्डीवरचं कुत्रंही सावली सोडत नाही,
तौसीफनं काउंटरवर तीन बोर्ड मांडले.
मला त्या पाट्या वाटल्या. बोटभर पाट्या,
कडेला कंगव्यासारखे दात.

"हा जुना. वायफाय आहे, बाकी काही मागू नका.
हा बत्तीस. वायफाय, ब्लूटूथ, डोकी दोन.
आन् हा पिको. याचं पुस्तक लई चांगलं हाय म्हणतात, ताई.
मी वाचलं नाही."

मी मस्कासाथची. कूलरच्या मोटारी भरते.
मार्च ते जून दारात जळलेल्या मोटारींची रांग,
वास घेऊन सांगते कोणती कशानं गेली.
दोनशे तीस व्होल्टची आणि माझी जुनी ओळख,
दोनदा तिनं मला भिंतीवर नेऊन आदळलं,
तरी रोज सकाळी आमचं बोलणं असतं.

ही पाटी म्हणे तीन पूर्णांक तीनवर चालते.
पाचाचा सेन्सर थेट लावला, तर मरते.
एवढा नाजूक जीव
आजवर या हातांत कोणी दिला नव्हता.

भाचा पलाश म्हणाला, "आत्या, बत्तीसच घे."
त्याचा हिंगण्याचा मित्र म्हणाला, पिको.
दोघं माझ्यासमोर तासभर भांडले,
मी तेवढ्यात एक स्टेटर भरून काढला.
वरच्या मजल्यावरचे बावनकर सर म्हणाले,
"या वयात कायले डोकं घालून राहिली वो?"
हे त्यांनी कोणत्याही पाटीबद्दल म्हटलं असतं.

मला एवढंच हवं होतं:
रात्री तीनला कूलरची टाकी आटते,
पंप कोरडा फिरतो, वाळा कडकडीत होतो,
आणि सकाळी तो पंप माझ्या दारात येतो.
टाकीनंच आधी हाक मारली तर?
(धंदा बसेल, हे पलाशच्या लक्षात आलं.
माझ्या आधीच आलं होतं.)

तौसीफला विचारलं,
"यातला कोणता जळला तर रडू येणार नाही?"
तो तेव्हा पहिल्यांदा हसला.
गिऱ्हाईक विचारतं, पॉवर कोणात जास्त.
त्यानं बत्तीस पुढे सरकवला.
"हाच घ्या. अडलात, तर विचारायला माणूस सापडेल.
सगळे याच्यातच अडून बसले हायेत."
मी दोन घेतले.
एक शिकायला, एक चुकायला.

पुढच्या दोन संध्याकाळी काहीच झालं नाही.
पाटीवर लाल दिवा, आणि कॉम्प्युटर म्हणे, कोणी आलंच नाही.
पाटी बदलली. खुर्ची बदलली. पंखा बंद करून पाहिला.
तिसऱ्या दिवशी कळलं, वायर जुन्या चार्जरची.
तिच्यात वीज नेणाऱ्या तारा होत्या,
बोलायच्या तारा नव्हत्याच.
पोटाला घालतं, पण बोलत नाही,
अशी माणसं पाहिली होती मी.
वायर पहिल्यांदा पाहिली.

मग नवी वायर, आणि निळा ठिपका:
लाग. थांब. विझ. थांब.
चार ओळी. माझ्या हातच्या.
पलाश म्हणाला, "एवढंच?"
त्याला काय सांगू,
आजवर मी फिरणाऱ्या वस्तू फिरत्या केल्या,
ऐकणारी ही पहिलीच.

बाराव्या दिवशी घाईत
बाराची तार तीनच्या पायावर बसली.
टिच् असा आवाज. बास.
एवढ्याशा आवाजात मोटार कधी मरत नाही.

दुसरी पाटी आता टाकीच्या काठावर
बरणीच्या झाकणाखाली बसून आहे.
परवा रात्री तीन-दहाला मोबाईल थरथरला,
मी उठून बादली भरली, परत झोपले.

पण लक्षात राहिला तो पहिलीचा वास.
तांब्याचा नाही, वार्निशचा नाही,
काहीसा कडू, बारीक, लगेच विरणारा.
झाकण लावून दोन मिनिटं तशीच बसले,
पुन्हा एकदा घेतला.
उद्या कोणी असलं काही दारात घेऊन आलं,
तर सांगता यायला हवं.